वाढत्या वयात हृदयाची हाक मोठी, दाद मात्र कमी

जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पावलांवर सूज दिसते, रात्री एका उशीऐवजी दोन उशा लागतात. घरातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने अशी तक्रार केली की 'आता वय झाले' असे म्हणून ती बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. कित्येकदा ती व्यक्ती स्वत:च तसे म्हणते. या तक्रारींमागे फुप्फुसाचा विकार, रक्तक्षय, थायरॉइडचा दोष किंवा नुसता स्थूलपणा असू शकतो. तशीच ती हृदयाचा स्नायू दुर्बल किंवा ताठर झाल्याची खूणही असू शकते. हा भेद करण्यासाठी गेल्या पाव शतकात डॉक्टरांच्या हाती एक रक्तचाचणी आली आहे. 'बीएनपी' किंवा 'एनटी-प्रोबीएनपी' या नावाने ती ओळखली जाते आणि मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ती आता नवलाईची राहिलेली नाही.

समजा, अचानक धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाच्या अहवालावर एनटी-प्रोबीएनपीचा आकडा दर मिलिलिटरला ११०० पिकोग्रॅम असा आला. रुग्ण ४५ वर्षांचा असेल तर हृदय निकामी होत असल्याची, म्हणजे 'हार्ट फेल्युअर'ची शक्यता दाट मानली जाते. तोच आकडा ७८ वर्षांच्या रुग्णाचा असेल तर तो संशयाच्या पट्ट्यात पडतो. त्यावरून एकदम निष्कर्ष काढता येत नाही. आकडा एकच, अर्थ मात्र दोन. याचे उत्तर हृदय आणि पेप्टाइड संप्रेरके यांच्यातील देवघेव वयोमानानुसार कशी बदलते, यात दडलेले आहे.

पंप की ग्रंथी?

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, असे शाळेच्या पुस्तकापासून आपल्या मनावर ठसलेले असते. वैद्यकशास्त्राचीही विसाव्या शतकाचा बराच काळ तीच समजूत होती. तिला तडा देणारी दोन निरीक्षणे १९५६ मध्येच पुढे आली होती. गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील, म्हणजे अलिंदांतील पेशींमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, गडद कण दिसले. ग्रंथींच्या पेशींत संप्रेरके साठवलेली असतात, तसेच हे कण होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात कुत्र्याच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवला असता त्याच्या लघवीचे प्रमाण वाढल्याचे आढळले. ही दोन निरीक्षणे एकमेकांना जोडली जायला मात्र तब्बल २५ वर्षे लागली.

ते काम कॅनडातील किंग्स्टन येथे अदोल्फो डी बोल्ड या अर्जेंटिनात जन्मलेल्या संशोधकाने केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांच्या लघवीतून बाहेर पडणारे सोडियम ३० पटींहून अधिक वाढले आणि लघवीचे प्रमाण दहा पट झाले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या अर्काने असे काही झाले नाही. १९८१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि हृदय ही अंत:स्रावी ग्रंथीही आहे, हे मान्य करणे भाग पडले. त्या अर्कातील पदार्थ म्हणजे २८ अमिनो आम्लांची साखळी, 'एएनपी'. पुढे १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत तिच्याच कुळातील ३२ अमिनो आम्लांची आणखी एक साखळी सापडली. मेंदूत सापडली म्हणून नावात 'ब्रेन'चा 'बी' आला. नंतर कळले, की तिचे मुख्य उत्पत्तिस्थान हृदयाचे निलय आहे. तोवर नाव रूढ झाले होते. आजही एका हृदयरोगाच्या चाचणीला मेंदूचे नाव आहे ते त्यामुळे.

या संप्रेरकांचे काम सोपे आहे. रक्ताचे आकारमान किंवा दाब वाढला की हृदयाच्या भिंती ताणल्या जातात. ताण जाणवताच स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांची एक कच्ची साखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे कामाचे बीएनपी. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा निष्क्रिय, तोच एनटी-प्रोबीएनपी. कामाचा तुकडा मूत्रपिंडाला मीठ व पाणी सोडायला सांगतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि खुद्द हृदयाच्या स्नायूलाही संदेश देतो. निष्क्रिय तुकडा रक्तात अधिक काळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा.

घंटा आणि तिची तार

पेप्टाइड संप्रेरके ही अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असतात. इन्सुलिन त्यांतले सर्वात परिचित. ती पेशीच्या आत सहसा शिरत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूंना चिकटतात आणि पुढचे काम पेशीच्या आतील रेणूंची साखळी करते. दारावरची घंटा बाहेरच्याने कितीही जोरात दाबली तरी आतली तार गंजलेली असेल तर घरात आवाज पोहोचत नाही. वयाचा परिणाम समजून घेताना म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: रक्तात संप्रेरक किती आहे आणि स्नायू त्याला दाद किती देतो. (घाबरल्यावर छाती धडधडते ती ॲड्रिनॅलिनमुळे, ते पेप्टाइड नव्हे. त्यालाही वृद्ध हृदय कमी दाद देते आणि वयानुसार हृदयाचा कमाल वेग घटतो त्याचे ते एक प्रमुख कारण. पण तो वेगळा विषय आहे.)

बीएनपीच्या ग्राहीचे नाव 'एनपीआर-ए'. संप्रेरक त्याला चिकटले की पेशीच्या आत 'सायक्लिक जीएमपी' हा दूत-रेणू तयार होतो. तो स्नायूला सैल होण्यास मदत करतो आणि स्नायूची अवाजवी जाडी वाढू देत नाही. उंदरांच्या केवळ हृदयस्नायूपेशींतून हा ग्राही नाहीसा केला असता रक्तदाब न वाढताही त्यांचे हृदय जाड झाले. बीएनपी तयारच होऊ न दिलेल्या उंदरांच्या हृदयात तंतुमय ऊती, म्हणजे एक प्रकारचा व्रण, पसरलेला आढळला. थोडक्यात, हृदय हे संप्रेरक फक्त मूत्रपिंडासाठी पाठवत नाही. ते स्वत:लाही आवर घालत असते.

दुसऱ्या बाजूला अँजिओटेन्सिन-२ आहे. अवघ्या आठ अमिनो आम्लांची ही साखळी बरोबर उलटा हुकूम देते: रक्तवाहिन्या आवळा, मीठ धरून ठेवा, स्नायू जाड करा, तंतू वाढवा. रक्तस्राव झालेल्या किंवा पाण्याविना राहिलेल्या तरुण शरीराला हा हुकूम जीवदान देतो. म्हातारपणी तोच अंगाशी येतो. आणि इथे एक गंमत आहे. अँजिओटेन्सिनची साखळी सुरू करणारे रेनिन रक्तात वयानुसार कमी होत जाते. त्यामुळे वृद्धांमध्ये या संप्रेरकाचा जोर ओसरत असेल, असे वरवर वाटावे. परंतु वृद्ध प्राण्यांच्या हृदयात व धमन्यांच्या भिंतीत स्थानिक पातळीवर अँजिओटेन्सिनची यंत्रणा अधिक सक्रिय झालेली आढळते. रक्त तपासून ते कळत नाही. २००९ मध्ये इटलीतील संशोधकांनी याच्या मुख्य ग्राहीचा जनुक काढलेले उंदीर पाळले. ते इतर उंदरांपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक जगले आणि त्यांच्या हृदयाचे नुकसानही कमी झाले. रक्तदाबासाठी कोट्यवधी लोक घेतात त्या 'प्रिल' आणि 'सार्टन' वर्गातील गोळ्या याच साखळीला आवर घालतात. म्हणून त्या माणसाचे आयुष्य तेवढेच वाढवतात, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उंदीर तो उंदीर.

वय वाढते तसे

निरोगी माणसाचे हृदयही वयानुसार बदलते. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एक विलक्षण हिशेब मांडला. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या पेशींतही उतरला होता. त्याच्या प्रमाणावरून पेशीचे वय ठरवता आले. त्यातून असे दिसले, की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे एक टक्का नव्याने बनतात. पंच्याहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यावर येते. मेलेल्या पेशींची जागा भरून निघत नाही, उरलेल्या पेशी आकाराने वाढतात आणि मधल्या जागेत कोलॅजनचे तंतू साचतात. भिंत जाड व ताठर होते. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल होऊन रक्ताने भरते, तो भरण्याचा सुरुवातीचा वेग विशीपासून ऐंशीपर्यंत जवळजवळ निम्म्यावर येतो.

ताठर भिंतीवर ताण अधिक. म्हणून बीएनपीही अधिक. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सर्वसामान्य नागरिकांच्या तपासणीवर आधारित अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार नसलेल्या लोकांतही वयाबरोबर बीएनपी वाढत जाते आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक असते, असे त्यात दिसले. वाढीला दुसरीही कारणे आहेत. मूत्रपिंडाची क्षमता घटते, त्यामुळे हे तुकडे रक्तात रेंगाळतात. अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वयानुसार बळावते. त्यानेही आकडा चढतो. उलट स्थूल व्यक्तीत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो, हे तर अनेकांना चकवणारे आहे. लठ्ठ वृद्धेचा 'बरा' दिसणारा अहवाल नेहमीच बरा असेल असे नाही.

पण मग एक प्रश्न उरतो. मीठ-पाणी बाहेर टाकणारे संप्रेरक वाढले आहे, तर पायांवर सूज का येते? हृदय निकामी होत असलेल्या रुग्णात बीएनपी कैक पटींनी वाढलेले असते आणि तरीही शरीर मीठ धरून बसते. इथेच 'दाद' कमी झाल्याचे दिसते. पहिले कारण म्हणजे, रक्तात मोजले जाते त्यातील बरेचसे न तोडलेले, कच्चे संप्रेरक असते. त्याचा प्रभाव क्षीण. दुसरे, सततच्या माऱ्याने एनपीआर-ए ग्राही सुस्त होतात. तिसरे, दूत-रेणू तयार झाला तरी त्याला तोडणारी विकरे जोरात असतात. हृदय आकुंचन नीट पावते पण सैल होत नाही, असा 'ताठर' हृदयविकार वृद्धांत, त्यातही वृद्ध स्त्रियांत विशेष आढळतो. अशा रुग्णांच्या हृदयस्नायूच्या नमुन्यांत सायक्लिक जीएमपीचे प्रमाण कमी भरले. स्नायूतील 'टायटिन' या स्प्रिंगसारख्या महाकाय प्रथिनाला मऊपणा देण्याचे काम याच साखळीच्या शेवटच्या टोकाला होते. साखळी मंदावली की स्प्रिंग कडक राहते.

यातला वयाचा वाटा किती आणि रक्तदाब, मधुमेह, स्थूलतेचा किती, हे काटेकोरपणे वेगळे करणे कठीण आहे. सत्तरीत यांपैकी एकही नसलेली व्यक्ती अभ्यासासाठी मिळणेच दुर्मीळ. इन्सुलिनचीही तीच कथा. स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी दाद वयाबरोबर मंदावते. पण पोटावरची चरबी आणि बैठे आयुष्य यांचा त्यात मोठा हात असतो आणि चालण्याफिरण्याने ती बरीच सुधारते.

ओतले तरी उपयोग नाही

संप्रेरक कमी पडते आहे असे समजून ते बाहेरून दिले तर? हा विचार स्वाभाविक होता. प्रयोगशाळेत तयार केलेल्या बीएनपीला, 'नेसिरिटाइड' या औषधाला, अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली. शिरेतून दिले जाणारे हे महागडे औषध काही वर्षे बऱ्यापैकी चालले. मग ७,१४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, पुन्हा रुग्णालयात दाखल होणे टळले नाही, धाप किंचित कमी झाली ती दखल घेण्याजोगी नव्हती आणि रक्तदाब खाली जाण्याचे प्रमाण मात्र वाढले. जी घंटा आधीच जोरजोरात वाजते आहे, ती आणखी जोरात वाजवून काही साधले नाही.

त्यानंतरचा मार्ग अधिक चतुराईचा ठरला. शरीरातील 'नेप्रिलायसिन' हे विकर या संप्रेरकांना तोडते. त्याला रोखणारे सॅक्युबिट्रिल आणि अँजिओटेन्सिनचा ग्राही बंद करणारे व्हॅल्सार्टन अशी जोडगोळी तयार करण्यात आली. म्हणजे एका बाजूने आवर घालणाऱ्या संप्रेरकाला बळ आणि त्याच वेळी विरोधी संप्रेरकाची तोंडबंदी. आकुंचनाची शक्ती घटलेल्या ८,३९९ रुग्णांच्या चाचणीत २०१४ मध्ये या जोडगोळीने जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी केला. पंच्याहत्तरीपुढच्या रुग्णांनाही हा लाभ दिसला. भारतात २०२३ च्या सुरुवातीला या जोडगोळीच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या.

ताठर हृदयाच्या बाबतीत मात्र यश निसटले. २०१९ च्या चाचणीतील ४,७९६ रुग्णांचे सरासरी वय ७३ च्या आसपास होते. त्यांच्यात धोका १३ टक्क्यांनी घटला, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक अगदी थोडक्यात अपुरा पडला. म्हातारपणाशी सर्वाधिक जोडल्या गेलेल्या हृदयविकारातच हे औषध कमी पडावे, याला दाद हरवल्याच्या सिद्धांताचा पुरावा म्हणणे घाईचे होईल. तरी तो त्याच्याशी जुळतो खरा. पुढे २०२१ मध्ये मधुमेहाच्या 'ग्लिफ्लोझिन' वर्गातील गोळ्या अशा रुग्णांना उपयुक्त ठरल्या. त्यांचा या संप्रेरकांच्या ग्राहींशी थेट संबंध नाही.

वृद्ध हृदय 'तरुण' करणाऱ्या रक्तघटकाच्या बातम्याही अधूनमधून झळकतात. २०१३ मध्ये म्हाताऱ्या व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडल्यावर म्हाताऱ्याचे जाड झालेले हृदय पूर्ववत झाल्याचे आणि त्यामागे 'जीडीएफ-११' हे प्रथिन असल्याचे जाहीर झाले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. २०१५ पर्यंत दुसऱ्या संशोधकांनी त्यावर गंभीर शंका उपस्थित केल्या: हे प्रथिन वयाबरोबर घटत नाही आणि ते टोचल्याने हृदय पूर्ववतही होत नाही, असे त्यांना आढळले. उतावीळपणाने केलेल्या मथळ्यांचे असेच होते.

आकडा वाचताना

अचानक धाप लागलेल्या रुग्णासाठी एनटी-प्रोबीएनपीच्या वयानुसार मर्यादा २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तर ९०० आणि त्यापुढे १८००. याहून अधिक असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता मोठी. ३०० च्या खाली असेल तर कोणत्याही वयात ती फारच कमी. त्या दरम्यानचा आकडा टूडी इको, छातीचा एक्स-रे आणि मुख्य म्हणजे रुग्णाची तपासणी यांच्या जोडीनेच वाचावा लागतो. तातडीची स्थिती नसताना, बाह्यरुग्ण विभागात, १२५ ही खालची मर्यादा वापरली जाते. तेव्हा अहवालावर छापलेली मर्यादा कोणत्या परिस्थितीसाठी आहे, हे डॉक्टरांना विचारणे गैर नाही. दोन अहवालांची तुलना करताना दोन्ही वेळी चाचणी एकच होती ना, हेही पाहावे. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

सॅक्युबिट्रिलची जोडगोळी घेणाऱ्यांसाठी हा भेद अधिकच महत्त्वाचा. औषध बीएनपीला तुटू देत नाही, त्यामुळे बीएनपीचा आकडा औषधानेच वाढू शकतो आणि प्रकृती बिघडल्याचा भास होतो. एनटी-प्रोबीएनपी या विकराने तुटत नाही, म्हणून अशा रुग्णांत तीच चाचणी करणे योग्य ठरते. ही जोडगोळी आणि रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्या एकत्र घेता येत नाहीत. दोहोंच्या मध्ये किमान ३६ तासांचे अंतर लागते. ब्रॅडिकायनिन हे आणखी एक पेप्टाइड या दोन्ही औषधांमुळे तुटायचे थांबते आणि चेहरा, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकते. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटे शिल्लक असतात आणि वृद्ध व्यक्ती दोन्ही घेत राहते. हा धोका काल्पनिक नाही.

वयाच्या मर्यादा ठरवणाऱ्या त्या अभ्यासात १,२५६ रुग्ण होते, ते अमेरिका, नेदरलँड्स, स्पेन आणि न्यूझीलंडमधले. भारतातील एकही केंद्र त्यात नव्हते. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ६१ निघाले. पाश्चात्त्य देशांत असे रुग्ण साधारणपणे सत्तरीच्या पुढचे असतात. म्हणजे आपल्याकडे हृदयाच्या स्नायूवर ती वेळ जवळपास दहा वर्षे आधी येते. पन्नाशी-साठीतील माणसाची धाप 'वय झाले' या सदरात टाकणे म्हणूनच इथे अधिक महाग पडते, आणि वयानुसार वर सरकणाऱ्या मर्यादा भारतीय शरीराला कितपत लागू पडतात, हे भारतीय रुग्णालयांनाच आपल्या रुग्णांवरून ठरवावे लागणार आहे.